कोकोच्या डब्यातले दात

स्टीलच्या ताटात काहीतरी टिण्णकन पडलं आणि जेवणातली शांतता मोडली.

"आई, वरणात खडा!" जुई म्हणाली. मग जिभेनं तोंडात चाचपून बघितलं आणि तिचे डोळे विस्फारले. "खडा नाही गं! माझा आहे!"

भाताच्या कडेला दात पडला होता. खालचा, पुढचा, तांदळाच्या दाण्याएवढा. आठवडाभर ती तो जिभेनं हलवत होती आणि भेटेल त्याला आ करून दाखवत होती. तिच्या बाबांनी, अच्युतनी, तो उचलला, पेल्यात बुचकळला आणि खिडकीच्या उजेडात धरला. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावणारा माणूस, पण जन्मात पहिल्यांदाच दात बघत असल्यासारखा बघत राहिला.

"फर्स्ट क्लास," ते म्हणाले. "डागसुद्धा नाही. आईनं रोज घासून घेतल्याचं फळ आहे हे."

त्या दिवशी सकाळपासून मी त्यांच्याशी बोलत नव्हते.

"शाळेतली शॅरन म्हणते, पाण्याच्या ग्लासात ठेवायचा. मग परी येते," जुई म्हणाली.

"आपल्याकडे परी येत नाही," मी तिला म्हटलं. " आपल्याकडे दात छपरावर फेकतात, म्हणजे नवा लवकर येतो."

परीपेक्षा फेकणं जुईला जास्त आवडलं. उष्ट्या हातानंच ती अंगणात पळाली आणि गोफण फिरवावी तसा हात फिरवून तिनं दात भिरकावला. माझ्या डोक्यात होती आमच्या मिरजेच्या घराची कौलं. इथं होता पत्रा. दात टण् टण् करत वर गेला, घरंगळत पन्हळीत आला, पन्हळीतून खडखडत पुढे गेला आणि कुठंतरी बुडुक झालं.

"शैला," अच्युत दारातून म्हणाले, "आपलं प्यायचं पाणी पन्हळीखालच्या त्या टाकीतलंच आहे."

"शीऽऽ!" जुई किंचाळली आणि पोट धरून हसत सुटली. एरवी मीही हसले असते. पण त्या दिवशी मला कुठल्याही दाताचं नावसुद्धा नको होतं.

याला आता सहा वर्षं होतील. नंतर झालेला धाकटा मुलगा दुपारी झोपतो तेवढ्यात लिहायला बसले आहे, आणि ते 'बुडुक' अजून कानात आहे.

यारंबी हे गाव शोधायला नकाशावर भिंग धरावं लागेल. चहूकडे लाल माती, गहू, मेंढ्या, आणि मधूनच उड्या मारत जाणारे कांगारू. मधून एक रुंद रस्ता, त्यावर दोन पब, एक बँक, पोस्ट आणि माशा. माशा ओठांवर बसायच्या, डोळ्यांच्या कडांचं पाणी प्यायच्या. अच्युतची एडिंबराची पदवी त्या देशात चालत होती आणि त्या गावाला दातांचा डॉक्टर मिळत नव्हता, म्हणून आम्ही गेलो. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत दवाखाना, मागे आम्ही. अच्युत म्हणता येईना, तेव्हा त्यांचं 'ॲश' झालं. खांबेटे आडनावाचं नुसतं 'के' झालं. मला शैलजा म्हणण्याच्या भानगडीत न पडता गावानं शीला करून टाकलं. पुढे कळलं की तिथले पुरुष कुठल्याही बाईला शीलाच म्हणतात. त्यावर आम्ही दोघं खूप हसलो होतो.

आम्हाला स्टेशनवर उतरवून घ्यायला आला तो क्लॅरी टकवेल. गावातला सगळ्यात मोठा मेंढीवाला, लाल मानेचा, घोगऱ्या आवाजाचा, मनानं दिलदार. घर त्यानंच बघून दिलं, खाटा त्यानंच आणून टाकल्या. आणि दर पंधरा दिवसांनी तो आमच्या पायरीवर पोत्यात गुंडाळलेली अर्धी मेंढी ठेवून जायचा. आम्ही दोघंही अंडंसुद्धा न खाणारे. 'आम्ही मांस खात नाही' एवढे चार शब्द क्लॅरीला सांगायला अच्युतची जीभ कधी उचलली नाही.

"एवढ्या प्रेमानं देतो बिचारा. वाईट वाटेल त्याला."

मग ते अंधार पडल्यावर मागच्या आवारात खड्डा खणून ती मेंढी पुरायचे. कोल्हे ती उकरून काढायचे. सकाळी मी कपडे वाळत घालायला जावं, तर दोरीखाली चरबी लागलेली बरगडी पडलेली असायची.

तर या क्लॅरीची मुलगी लोरेन. एकोणीस वर्षांची, पोस्टात टेलिफोन जोडून द्यायची. पुढच्या महिन्यात तिचं लग्न होतं. शनिवारी क्लॅरी तिला घेऊन दवाखान्यात आला आणि म्हणाला, "डॉक, हिचे सगळे काढून टाका."

"अक्कलदाढा?" अच्युतनी विचारलं होतं.

"सगळे, डॉक. वरचे, खालचे. आणि झकास कवळी बसवून द्या. माझ्याकडून लग्नाची भेट."

अच्युतना आधी ती थट्टा वाटली. मग कळलं की तिकडची ती जुनी रीतच होती. शहरांतून गेली होती, पण अशा आडगावांनी धरून ठेवली होती. मुलगी सासरी जायच्या आधी बाप तिचे दात काढून कवळी बसवून देतो. पुढे नवऱ्याच्या डोक्याला दातांचा ताप नको. मुलगी कशी, सगळं आवरून-सावरून दिलेली.

हे मला त्यांनी रविवारी सकाळी चहा पिताना सांगितलं. मी कप खाली ठेवला.

"किती किडलेत?"

"एकही नाही. दोन भरले की झालं. असं तोंड मी या गावात बघितलं नव्हतं."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"कळवतो म्हटलं."

"कळवतो? नाही म्हटलं नाहीत?"

त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं. ते मऊ पडून कपात गळून गेलं, तरी ते कपाकडेच बघत राहिले. तेव्हापासून मी बोलणं बंद केलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लोरेन स्वतःच मागच्या दारी आली. पोस्टाचा निळा स्कर्ट, नाकावर ठिपके, हातात तिच्या आईनं दिलेली अंडी. तीही आम्हाला चालत नव्हती. तीही मी हसून घेतली. मी नुकतीच चिक्की थापली होती.

"मिसेस के, हे काय आहे? रंगीत काचेसारखं दिसतंय."

"शेंगदाण्यांची चिक्की. इथं गूळ मिळत नाही, म्हणून गोल्डन सिरपची केली. बघ खाऊन."

तिनं पुढच्या दातांनी काडकन तुकडा तोडला. वरचा एक दात शेजारच्यावर किंचित चढलेला होता. ती हसली की बाकीच्यांच्या आधी तोच पुढे यायचा, आगाऊ पोरासारखा. ती कुर्रम कुर्रम चावत होती, बोटं चाटत होती, दुसरा तुकडा घेत होती. मला तिच्या तोंडाकडे बघवेना आणि नजरही हटेना.

"बाबा म्हणाले, मिस्टर के अजून हो म्हणत नाहीत. तुम्ही सांगा ना त्यांना."

"लोरेन, तुझा एकही दात दुखत नाही."

"नाहीच. दुखल्यावर काय, कुणीही काढेल!" ती खळखळून हसली. तो चढलेला दात पुढे आला.

"आणि केव्ह? तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला काय वाटतं?"

"केव्ह म्हणतो, तोंड तुझं, तू बघ. पण त्याच्या आईनं दोनदा विचारलं, झालं का म्हणून."

"आणि तुला काय वाटतं?"

तिचं चावणं थांबलं. बहुतेक हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. तिनं दाराबाहेर, झाडाच्या सावलीत लावलेल्या आपल्या सायकलीकडे बघितलं.

"मला काय वाटायचं? सगळ्याच करतात. ममनं केलं, नॅन आजीनं केलं. दोन दिवस विचित्र वाटतं, मग आठवतसुद्धा नाही."

मी तिचा हात धरला. चिकट होता, सिरपचा. "तू नको म्हणालीस तर मिस्टर के आणि मी, आम्ही दोघं तुझ्या बाजूनं उभे राहू."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं ऊन लागून भलतंच बोलणाऱ्या बाईकडे बघावं. हात हळूच सोडवून घेतला.

"हे तुम्ही चांगलं म्हणालात, मिसेस के," ती समजुतीनं म्हणाली. "पण मग लग्नाला कोण येईल?"

जाताना चिक्कीचा आणखी एक तुकडा तिनं खिशात टाकला.

दोन दिवसांनी अच्युत स्वयंपाकघरात आले आणि ओट्याला टेकून उभे राहिले. मी चपात्या लाटत होते. काही सांगायचं असलं की ते असे येऊन आधी डबे उघडून बघायचे.

"मी हो म्हटलं."

लाटणं माझ्या हातात तसंच राहिलं.

"ऐकून तरी घे. मी नाही म्हटलं असतं तर क्लॅरी तिला पलीकडच्या गावातल्या त्या म्हाताऱ्याकडे नेणार होता. हात थरथरतात त्याचे. मुळं आत मोडून ठेवतो. माझ्या हातून निदान नीट तरी होईल."

"नीट?"

"शैला, त्यांची रीत आहे. आपण परक्या गावात आलोय. आपण कोण त्यांना शिकवणार?"

"डॉक्टर. डॉक्टर म्हणून आलो आहोत आपण."

त्यांनी डाळीचा डबा उघडून परत लावला. "क्लॅरीला कसं नाही म्हणू? या घरात पाऊल ठेवल्यापासून त्यानं..."

"मेंढी निदान पुरता तरी आली," मी म्हटलं. "हे कुठे पुराल?"

ते पुढच्या खोलीत गेले. तव्यावरची चपाती जळाली. मला त्यांची किळस आली होती. नवऱ्याची किळस येणं म्हणजे काय ते ज्या बाईला माहीत आहे तिला सांगायला नको, आणि जिला माहीत नाही तिला सांगूही नये. त्यांनी पेल्याला लावलेला ओठ, त्यांच्या उशीवरचा तेलाचा डाग, जेवताना होणारा बारीकसा आवाज, सगळं एकदम दिसायला आणि ऐकू यायला लागलं. आणि हाच माणूस रोज जुईला पाठुंगळीवर घेऊन कोंबडा होऊन आरवायचा. ते बघून मला हसू यायचं, आणि किळस मात्र तशीच राहायची.

ठरलेल्या दिवशी नर्स नव्हती. मेंढ्या कातरायचा हंगाम होता आणि ती कातरणाऱ्यांचा स्वयंपाक करायला मळ्यावर गेली होती. अच्युतनी मला विचारलं नाही. नुसता पांढरा ॲप्रन खुर्चीच्या पाठीवर ठेवला. मी तो चढवला. त्यांच्यासाठी नाही. त्या पोरीच्या आजूबाजूला एक तरी बाई असावी म्हणून.

लोरेन केस धुऊन आली होती, चर्चला जाताना यावं तशी. तिची आई मेव्हिस बाहेरच्या बाकावर विणकाम घेऊन बसली. टेबलावर नवी कवळी तयार होती. गुलाबी, ओलसर, वर आणि खाली, दोन ओळी एकसारख्या. काढल्या-काढल्या तीच बसवायची, म्हणजे मुलगी तोंड मिटून न जाता हसत घरी जाईल.

अच्युत आत हात धुवत होते. मी लोरेनच्या कानाशी वाकले. "नको असेल तर आत्ता सांग. एवढं डोकं हलव. बाकी मी बघते."

ती छताकडे बघत होती. "हॉल ठरवून झालाय, मिसेस के," ती पुटपुटली.

भुलीची इंजेक्शनं झाली. गाल जड झाले. आणि मग अच्युत काम करताना नेहमी गुणगुणायचे तसे गुणगुणू लागले. एक जुनं नाट्यपद. आंघोळीनंतर देवासमोर उभे राहून म्हणायचे तेच. चिमटा आत गेला, मनगट एकदा आत, एकदा बाहेर वळलं, ओल्या लाकडातून खिळा निघताना होतो तसा आवाज आला, आणि माझ्या हातातल्या ट्रेमध्ये टिण्ण.

तोच आवाज. आमच्या ताटातला.

मी ट्रे धरून उभी होते. टिण्ण. गुणगुणणं. टिण्ण. लवंगेच्या तेलाचा वास, त्याखाली रक्ताचा, गंजक्या नाण्यासारखा. बोळे भरत होते, मी बदलत होते. निरोगी दात सहज निघत नाहीत. त्यांची मुळं लांब असतात, ती हाडाला धरून ठेवतात. एकदा अच्युतना पाय खुर्चीला टेकवून जोर लावावा लागला. त्यांच्या कपाळावरचा घाम तिच्या गालावर पडला आणि मी तो पुसला. तो चढलेला दात निघाला तेव्हा मी ओळखला. ट्रेमध्ये बाकीच्यांसारखाच दिसत होता. लोरेनच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी कानांत ओघळत होतं, पण ते दुखण्याचं नव्हतं. भूल चांगली लागली होती. अच्युतचा हात खरंच हलका होता.

मधेच केव्हातरी त्यांचं गुणगुणणं बंद पडलं. मी वर बघितलं तर त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. पण हात थांबले नाहीत.

कवळी बसली. मेव्हिस आत आली, तिनं लेकीची हनुवटी धरून इकडून तिकडून बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. "अगं बाई! किती गोड दिसतेस!" ती म्हणाली. मग अच्युतचे रक्ताळलेले हातमोजे धरून तिनं मनापासून आभार मानले.

मी मागच्या अंगणात जाऊन पेपरकॉर्नच्या झाडाखाली ओकले.

लोरेननं दात मागून घेतले. अच्युतनी ते धुऊन कोकोच्या रिकाम्या डब्यात घालून दिले. मेव्हिस गाडी वळवून आणेपर्यंत ती पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसली होती. तेवढ्यात जुई शाळेतून आली. मी दारातून बघत होते.

"तुझेपण पडले?" जुईनं डब्यात वाकून विचारलं. "एवढे सगळे? एका दिवशी?"

लोरेननं सुजलेलं तोंड हलवलं. "हं."

"मग तुझी परी खूप दमेल," जुई गंभीरपणे म्हणाली. "छपरावर मात्र टाकू नकोस हं. टाकीत जातात."

लोरेन हसायला गेली आणि तिनं पटकन तोंडावर हात धरला.

लग्नाआधीच्या शनिवारी गावातल्या बायकांनी हॉलमध्ये लोरेनसाठी 'किचन टी' केला. आपल्या केळवणासारखाच प्रकार. नवरीला सगळ्या जणी स्वयंपाकघरातल्या वस्तू देतात. मला जायचं नव्हतं. पण न जाणं म्हणजे त्या पोरीकडे पाठ फिरवणं होतं. काय न्यावं सुचेना. तिला एकच गोष्ट आवडलेली मला माहीत होती. मी सकाळी उठून भलंमोठं ताट भरून चिक्की केली, शंकरपाळ्यासारख्या वड्या पाडल्या, वर खोबरं पेरलं.

जुईला घेऊन मी हॉलमध्ये शिरले, ताट टेबलावर ठेवलं, त्यावरचा रुमाल काढला आणि मग आजूबाजूला बघितलं. पंचवीस-तीस बायका. सगळ्यांचं हसू सरळ, पांढरं, सारखं. त्यांनी चिक्कीकडे बघितलं, मग एकमेकींकडे. चिक्की तोडू शकतील असे दात त्या खोलीत फक्त माझे आणि शाळकरी पोरींचे होते.

"शीला, डार्लिंग," मेव्हिस म्हणाली, "आम्हाला मारायला आणलंस की काय हे?"

हॉलभर हशा उसळला. माझे कान तापले. पण लोरेनची आजी, जिला सगळं गाव नॅन म्हणायचं, ती काठी टेकत पुढे आली.

"मी खाणार. मुलीनं कष्टानं केलंय." तिनं तोंडात बोट घातलं, वरची कवळी काढली, खालची काढली, बशीत चहाच्या कपाशेजारी ठेवली आणि वडी हिरड्यांत धरून चोखायला लागली. तोंड पिशवीच्या नाडीसारखं आवळत होतं, सुटत होतं. बशीतली कवळी माझ्याकडे बघून हसत होती. तिच्यावर पुडिंगचा एक बेदाणा चिकटला होता आणि त्याच्यावर माशी. मी दुसरीकडे बघितलं, तर तिकडे मेव्हिसचं हसू. तिच्या शेजारी लोरेनचं. तिघी जणी, एका साच्यातून काढलेलं हसू, एक बशीत आणि दोन तोंडांत. लोरेननं एक वडी उचलली, थोडा वेळ हातात धरली आणि कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली.

चहा झाला. लाटणी, पातेली, भांडी पुसायचे टॉवेल उघडून बघून झाले. मग कुणीतरी म्हणालं, "शीला, तुमच्याकडे लग्नं कशी होतात गं? सांग ना. हत्ती असतात?"

माझ्या आत दोन आठवडे साचलेली घाण वर येत होती. मला वाटलं, यांना दाखवावं एकदा, रीत कशी असते ते. सुंदर. मऊ. रक्ताचा थेंब नसलेली.

मी सांगायला लागले. अंतरपाट, अक्षता, हिरवा चुडा. खुर्च्या जवळ आल्या. लोरेन हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होती. मग मी सगळ्यात आवडतं म्हणून शेवटी ठेवलेलं सांगितलं. "नवरी सासरी आली की चांदीच्या ताटात तांदूळ पसरतात. नवरा सोन्याची अंगठी घेतो आणि तिनं त्या तांदळात बायकोचं नवं नाव लिहितो. मग सगळ्यांना साखर वाटतात."

"किती छान!" मेव्हिस म्हणाली. "म्हणजे नवऱ्याचं आडनाव. ते आम्हीही घेतो, पण असं तांदळात वगैरे नाही."

"आडनाव तर येतंच. पण हे नाव. पहिलं नाव."

"पहिलं म्हणजे?"

"म्हणजे... मला शैलजा म्हणतात ते. ते लग्नात ठेवलं."

कप खाली ठेवल्याचे आवाज झाले.

"थांब," मेव्हिस म्हणाली. "म्हणजे त्याच्या आधी तू शीला नव्हतीस?"

"नाही."

"मग कोण होतीस?"

"बकुळ," मी म्हटलं. त्या देशात ते नाव मी पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारलं. माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

"आणि आता ते नाव?"

"आता नाही. आता कुणी त्या नावानं हाक मारत नाही."

"तुझी आईसुद्धा?"

"ती... नाही. पत्रावर शैलजाच लिहिते."

"नवं नाव निवडलं तरी तूच?"

"नाही. त्यांच्या घरच्यांनी ठरवलं."

मेव्हिसच्या चेहऱ्यावर मी जे बघितलं ते मला ओळखू आलं. नाकपुड्या किंचित आत गेल्या होत्या, ओठ एका बाजूला ओढले होते. ट्रे धरून उभी असताना माझा चेहरा असाच असणार.

"देवा रे," कुणीतरी मागून म्हणालं.

नॅननं चोखलेली वडी बोटांत धरली. "हे भयंकर आहे, लव्ह," ती बोळक्या तोंडानं म्हणाली. "माणसाचं नाव कसं काय काढून घेतात? तुझ्या बापानं बंदूक नाही उचलली?"

"मी माझ्या पोरीला असं कधी होऊ दिलं नसतं," मेव्हिस म्हणाली आणि तिनं लोरेनच्या खांद्याभोवती हात टाकला.

सगळ्या जणी माझ्याकडे बघत होत्या. कीव करत होत्या. मी हसले. चांगली मोठ्यानं, अगदी सहज हसले.

"अहो, त्यात काय एवढं?" मी म्हटलं. "सगळ्याच करतात. माझ्या आईनं केलं, आजीनं केलं. दोन दिवस विचित्र वाटतं, मग..."

समोर लोरेन होती. तिनं मान वर केली होती आणि माझ्याकडे बघत होती, तोंडावर हात धरून.

तेवढ्यात टेबलाखालून जुई बाहेर आली. चिक्की खाऊन तिचं तोंड बरबटलं होतं. ती केव्हापासून तिथं बसली होती कोण जाणे.

अच्युत आम्हाला न्यायला आले. गाडीत मी त्यांच्या शेजारी बसले, जुई मागे. दुतर्फा गव्हाच्या पिवळ्या रानांवर संध्याकाळचं ऊन होतं. कुंपणाच्या तारेवर गुलाबी पोटाचे पोपट ओळीनं बसले होते. रिकामं ताट माझ्या मांडीवर होतं. एकही वडी उरली नव्हती, सगळ्या पोरींनी संपवल्या होत्या.

"कसा झाला कार्यक्रम?" अच्युतनी विचारलं.

"छान झाला."

"लोरेन बरी आहे?"

"हसत होती."

त्यांनी सुस्कारा टाकला आणि थोड्या वेळानं, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच, हळूच गुणगुणायला सुरुवात केली. मी खिडकीची काच खाली केली. धूळ आत आली.

"आई," मागून जुई म्हणाली. तिची जीभ दाताच्या खिंडीत फिरत होती. नवा अजून वर आला नव्हता. "तू तिथं खरं सांगत होतीस? तुझं आधी दुसरं नाव होतं?"

"हो."

"बकुळ?"

"हो."

"आणि ते काढलं?"

गुणगुणणं थांबलं. अच्युत समोरच्या रस्त्याकडे बघत होते. रस्ता सरळ होता, त्याच्याकडे एवढं बघण्यासारखं काही नव्हतं.

जुई दोन्ही सीटच्या मधून पुढे आली. तिनं तिचे चिकट हात माझ्या गळ्यात टाकले आणि कानाशी तोंड आणलं.

"लोरेनचे दात कोकोच्या डब्यात आहेत," ती कुजबुजली. "तुझं नाव कुठे ठेवलंय?"